हरण्यासाठी आणलेला मास्तर

आमच्या घरी गोरा माणूस राहायला येणार, ही बातमी गल्लीत सगळ्यांना कळून झाल्यावर माझ्या मायला कळली. त्याला जेवू घालायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे तिला आधी सांगायची गरज कोणाला वाटली नसावी. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात दुसऱ्यांदा बसलो होतो, आणि धुळ्यात माझी जी काही ओळख होती ती अभ्यासापेक्षा फुटबॉलमुळे होती. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, हिरालालशेठच्या जिनिंग-प्रेसमध्ये इंजिनमिस्त्री होते. साक्रीकडच्या आमच्या खेड्यातली कोरडवाहू जमीन काकांवर सोपवून ते शहरात आले होते, आणि इंजिनाच्या तेलाचा वास त्यांच्या अंगाला असा बसला होता की ते घरात आल्याचं मायला मागे वळून न बघता कळायचं. घर आग्रा रोडपासून दोन गल्ल्या आत. खाली दोन खोल्या, मागे परसात चूल, वर एक माडी. पहाटे कापसाच्या गाड्यांची घुंगरं, मग जिनाचा भोंगा, मग शेजारच्या गोदाअक्कांच्या उखळात मिरच्या कुटल्याचा आवाज, या क्रमाने आमचा दिवस उजाडायचा. माडी रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे शेठना माहीत होतं. एवढ्यावर सगळं ठरलं.

हिरालालशेठना रावसाहेब व्हायचं होतं. ही गोष्ट ते कोणाला सांगत नसत, पण ती ठाऊक नाही असा माणूस धुळ्यात नव्हता. त्यासाठी त्यांनी दवाखान्याला खाटा दिल्या होत्या, क्लबाला पंखे दिले होते, आणि दर पावसाळ्यात होणाऱ्या फुटबॉलच्या सामन्यांसाठी चांदीची ढाल दिली होती. ती ढाल दरवर्षी पोलिसांचा संघ जिंकायचा. पोलिसांचे इंग्रज साहेब स्वतः खेळायचे, आणि त्यांच्या पायातून चेंडू काढून घेण्याची हिंमत समोरच्या संघात सहसा कोणाची होत नसे. अडचण अशी झाली की सामने फारच एकतर्फी व्हायला लागले. कलेक्टरसाहेब मांडवात बसून जांभया देऊ लागले. ढाल आपली, मांडव आपला आणि साहेब जांभया देतात, हे शेठच्या मनाला लागलं. जिंकल्याचा आनंद व्हायचा तर समोर कोणीतरी धड हरणारा पाहिजे, हे त्यांनी व्यापारी डोक्याने ओळखलं. म्हणून जिनमधले पाच-सहा कामगार आणि शाळेतली आम्ही पाच-सहा पोरं मिळून त्यांनी एक संघ उभा केला, आणि त्याला शिकवायला मुंबईहून मास्तर आणायचं ठरवलं. तिथे यंत्रांच्या एका एजंटाच्या कचेरीत त्यांना एक गोरा माणूस काम मागत बसलेला दिसला. शेठनी विचारलं, फुटबॉल येतो का. तो हो म्हणाला. शेठना एवढंच इंग्रजी येत होतं, आणि त्या माणसालाही साधारण तेवढंच.

तो माणूस टांग्यातून उतरला तेव्हा त्याच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि काखेत एक चेंडू होता. वय चाळिशीच्या आतलं, केस विरळ, पाय किंचित बाकदार. नाव लिओपोल्ड, गाव व्हिएन्ना, देश ऑस्ट्रिया. आमच्या शाळेच्या नकाशात तो देश होता, पण ते म्हणाले की आता तो नकाशा बदलला, त्यांचा देश जर्मनीने गिळला. तिथे ते मोठ्या क्लबात खेळलेले आणि नंतर शिकवणारे होते. ते यहुदी, म्हणून एका सकाळी क्लबाच्या दाराला कुलूप दिसलं आणि त्यांना सांगण्यात आलं की आता खेळायचं नाही, शिकवायचं नाही, मैदानावर पाऊलही ठेवायचं नाही. हे सगळं आबांनी महिनाभरात तुकड्यातुकड्यांनी समजून घेतलं आणि एका संध्याकाळी मायला सांगितलं, "त्याना गावमा त्याले जातपायी हाकली दिधं."

माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग त्यानामा नवं काय शे?"

लिओपोल्ड हे नाव तिच्या जिभेवर बसेना. आमच्या खेड्यात लिंबा नावाची तीन माणसं होती, ते नाव तिला सोपं गेलं. तिसऱ्या दिवसापासून ते लिंबाभाऊ झाले, महिन्याभरात गल्लीचे झाले, आणि पुढे तर टपालवालाही त्यांची परदेशी तिकिटांची पाकिटं 'लिंबाभाऊ, मिस्त्रींकडे' अशी हाक मारून टाकायचा. ते मायला अक्का म्हणायचे. आबांचा बेत असा होता की साहेब घरात आहे तर पोराचं इंग्रजी सुधारेल, मॅट्रिक सुटेल. झालं भलतंच. लिंबाभाऊंचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं. त्यांना बोलायला माणूस पाहिजे होतं, आणि दिवसभर घरात बोलणारं माणूस म्हणजे माय. त्यामुळे त्या माणसाने जी भाषा उचलली ती आमची अहिराणी. जिचा वकिलांच्या आणि मास्तरांच्या घरांत उच्चार झाला तर पोरांना दटावायचे, ती भाषा हा गोरा माणूस चौकात उभा राहून घडाघडा बोलायचा. व्याकरणात बाई आणि बुवा यांच्यात त्यांनी कधी भेदभाव केला नाही, एवढंच. शाळेचे हेडमास्तर एकदा मुद्दाम त्यांच्याशी इंग्रजी बोलायला आले, आणि लिंबाभाऊंनी त्यांना "काय हो भाऊ, जेवनात का?" असं विचारल्यावर ते खिन्न होऊन परत गेले.

खाण्यापिण्याची मायला धास्ती होती. "तो काय खास?", काय खातो, असं तिने आबांना दहा वेळा विचारलं असेल. पहिल्या दिवशी तिने घाबरत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्च्या कांद्याची पात वाढली. लिंबाभाऊ भरीत चमच्याने खाऊ लागले, मग चमचा बाजूला ठेवला, मग बोटांनी खाल्लं आणि ताट पुसून घेतलं. ठेच्याने मात्र त्यांना रडवलं. डोळ्यांतून धारा लागल्या तरी ते खात राहिले, कारण न खाल्लं तर अक्काला वाईट वाटेल असा त्यांचा समज, आणि माय वाढत राहिली, कारण माणूस रडत रडतही मागतो आहे म्हणजे त्याला फार आवडलं असा तिचा समज. त्यांना एकाच गोष्टीची उणीव वाटायची, कॉफीची. धुळ्यात तेव्हा कॉफी म्हणजे तापाच्या माणसाला द्यायचं औषध. मायने गहू काळे होईपर्यंत भाजले, कुटले आणि त्याचा काढा करून दिला. तो लिंबाभाऊ तळापर्यंत प्यायले. मग म्हणाले, मागच्या लढाईत व्हिएन्नात उपासमार होती तेव्हा त्यांची आई अशीच कॉफी करायची. ही स्तुती की तक्रार हे मायला कळलं नाही, पण त्या दिवसापासून रोज सकाळी गहू भाजल्याचा वास घरात असे.

शिकवणं सुरू झालं ते आमच्या मनाविरुद्ध. आमच्याकडे चांगला खेळाडू तो, जो चेंडू सगळ्यांत उंच मारतो. चेंडू आभाळात गेला की लोक वाहवा करायचे. खाली कोणाच्या पायात आला याची चौकशी कोणी करत नसे. लिंबाभाऊंनी मैदानावर आडवी, गुडघाभर उंचीवर दोरी बांधली आणि सांगितलं, चेंडू हिच्या खालून गेला पाहिजे. शेठ बघायला आले, त्यांनी दोरी पाहिली आणि विचारलं की हिच्यावर धोतरं वाळत घालणार आहात का. आमचा गोलकीपर दगडू, जिनमधला हमाल, कापसाची गाठ झेलणारा माणूस. त्याला चेंडू हाताने जवळच्या गड्याकडे सरकवायला सांगितलं तेव्हा त्याला तो स्वतःचा अपमान वाटला. सगळ्या विद्येचं सार लिंबाभाऊंनी चार शब्दांत आणलं होतं, "आठे दे, तठे जाय." इथे दे आणि तिकडे जा. सकाळी सहा ते आठ, चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात, पांझरेच्या काठच्या त्या खडकाळ मैदानावर आम्ही तीन-तीन जण त्रिकोण करून हे आठे-तठे करायचो. पाहणारे म्हणायचे, शेठनी पोरांना फुटबॉल शिकवायला माणूस आणला आणि हा त्यांना फुगडी शिकवतो आहे. लिंबाभाऊ माडीवर बसून एका वहीत रोज वर्तुळं आणि बाण काढायचे. प्रत्येक वर्तुळाला आमच्यातल्या एकाचं नाव. मी डाव्या बाजूचा हाफ होतो. माझ्या वर्तुळाशेजारी नागरीत 'काशीनात' असं लिहिलेलं मी पाहिलं तेव्हा मला मॅट्रिक झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला, अर्थात मॅट्रिक झाल्याचा आनंद कसा असतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

परदेशी म्हणून लिंबाभाऊंना दर सोमवारी पोलीस कचेरीत सही करायला जावं लागे. तिथले साहेब, तेच ते फुटबॉल खेळणारे, त्यांना खुर्ची द्यायचे आणि दोघं टेबलावरच्या टाचणीच्या डब्या सरकवून खेळाच्या गोष्टी करायचे. साहेबांना धुळ्यात बोलायला माणूस नव्हता, आणि लिंबाभाऊंना फुटबॉलवर बोलायला. त्या उन्हाळ्यात दोघांची चांगली मैत्री झाली, असं म्हणायला हरकत नाही.

पावसाळा आला आणि आम्ही जिंकू लागलो. पहिला सामना जिंकलो, दुसरा जिंकलो. लोक गोंधळले, कारण उंच चेंडू कोणी मारत नव्हतं तरी गोल होत होते. शेठ खूश झाले. तिसरा सामना आम्ही पाच गोलांनी जिंकलो तेव्हा त्यांचा चेहरा जरा बदलला. आता शेवटचा सामना, समोर पोलीस, मांडवात कलेक्टर.

आदल्या दिवशी दुपारी शेठ स्वतः आमच्या घरी आले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. ते ओसरीवरच्या बाजेवर बसले, मायने बशीत चहा दिला, आबा खांबाला टेकून उभे राहिले. लिंबाभाऊ पाटावर बसून बुटांना चरबी चोळत होते. मी दाराआड चेंडूची वादी शिवत होतो.

शेठ म्हणाले, "मास्तर, पोरं फार छान तयार केली. उद्या कलेक्टरसाहेब येणार आहेत. सामना चुरशीचा झाला पाहिजे. चुरस पाहिजेच. पण पाहुण्यांचा मानही राहिला पाहिजे. शेवटी..." आणि त्यांनी हात पुढे करून पंजा हळूच पालथा केला.

लिंबाभाऊ त्या पंजाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, शेठच्या हाताला काही झालंय.

"नथू, तू समजाव त्यांना," शेठ आबांना म्हणाले. "आणि हो, पुढच्या महिन्यात नवं इंजिन येतंय. कंपनीवाले म्हणतात, मिस्त्रीही आम्हीच देतो. मी म्हटलं, बघू."

आबा खांबापासून एक पाऊल पुढे आले. वीस वर्षं ज्या माणसाने इंजिनाचा कोणताही बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखला, त्याला त्या दिवशी एक वाक्य जुळवता येईना. शेवटी चुलीजवळून माय बोलली. तिला या बोलण्यात अवघड असं काही दिसलं नाही. "लिंबाभाऊ, शेठ सांगी ऱ्हायनात, तुम्ही हारी जा. पोलीसना साहेबले जिकू द्या."

लिंबाभाऊंनी बूट खाली ठेवला. "मंग माले काबर बलावं?" मग मला बोलावलं कशाला?

शेठ हसले. लिंबाभाऊ मायकडे वळून म्हणाले, "अक्का, तठे सांगं, खेळू नका. आठे सांगतस, खेळा, पन हारा. आठे जराखं बरं शे." मग शेठना म्हणाले, "मी फक्त शिकाडस. खेळनारा त्या शेतस." मी शिकवतो, खेळणारे ते आहेत. शेठना हा होकार वाटला. ते समाधानाने उठले आणि जाताना आबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. लिंबाभाऊंना तो नकार वाटला असावा. त्या वाक्याचा खरा अर्थ मात्र मला एकट्याला लागला, कारण अकरा खेळाडूंपैकी हे बोलणं ऐकलेला मी एकटा होतो, आणि आबा माझे वडील होते. त्या संध्याकाळी आबा माझ्याशी काहीच बोलले नाहीत. त्यांनी 'हर' म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, 'जिंक' म्हटलं असतं तर त्यांच्या पाया पडलो असतो. ते आपले कंदिलाची काच पुसत बसले, चांगली स्वच्छ असलेली.

सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता आणि दुपारी थांबला. काळ्या मातीचा चिखल ज्याने तुडवला आहे त्याला सांगायला नको. पावलागणिक बूट शेराशेराने जड होत होते. लिंबाभाऊंनी महिनाभर आमच्या पायांना फोड आणून आम्हाला बुटांची सवय लावली होती. मैदान पाहून त्यांनी सांगितलं, बूट काढा. पोलिसांना तसं सांगणारं कोणी नव्हतं, आणि साहेबांसमोर अनवाणी खेळायची त्यांना सोयही नव्हती. पहिल्या अर्ध्यात आम्ही एक गोल केला. चेंडू आमच्या आठ-नऊ जणांच्या पायांतून गुडघ्याखालून फिरत फिरत गेला आणि शांतपणे जाळ्यात शिरला. इतका शांतपणे, की पंचाने शिट्टी वाजवेपर्यंत लोकांना काही झाल्याचं कळलं नाही. मांडवात कलेक्टरसाहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते, जांभई नव्हती. शेठच्या मागे आबा उभे होते, शेठच्या डोक्यावर छत्री धरून. पाऊस थांबला होता, तरी.

दुसऱ्या अर्ध्यात साहेबांनी डोक्याने एक गोल केला. चांगला होता, उगाच नाव ठेवणार नाही. एक-एक झाल्यावर दोन्ही बाजू दमून गेल्या. शेवटची पाच मिनिटं राहिली असतील. पोलिसांचा एक लांबटांग्या शिपाई माझ्या बाजूने चेंडू घेऊन निघाला. मी त्याच्यावर धावलो, आणि धावताना माझी नजर मांडवाकडे गेली. आबा माझ्याकडे बघत नव्हते. छत्रीच्या दांड्याकडे बघत होते. मी पाय आखडता घेतला. लोकांच्या नजरेस येईल इतका नाही, अर्ध्या पावलाएवढा. चेंडू माझ्या पायाजवळून गेला, शिपायाने तो मध्ये दिला, साहेबांनी मारला, आणि दगडूने झेप घेतली तोवर तो आत होता. आम्ही दोन-एक हरलो. शेठ उभे राहून टाळ्या वाजवत होते. कलेक्टरसाहेबांनी त्यांच्याशी हात मिळवला आणि म्हणे असं म्हणाले की इतका सुंदर सामना त्यांनी हिंदुस्थानात पाहिला नाही. शेठनी मागवलेला माल अगदी मागणीबरहुकूम मिळाला होता.

दगडू रडत होता, त्याच्या पाठीवर लिंबाभाऊ थापट्या मारत राहिले. रात्री नेहमीसारखे जेवले. सोमवारी सकाळी सहाला पुन्हा मैदानावर दोरी बांधून उभे. माझ्याशी पूर्वीइतकंच आणि पूर्वीसारखंच बोलायचे, आणि ते मला जास्त जाचायचं.

त्याच आठवड्यात घरी कानबाई बसली. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई देवी येते आणि तिचे रोट होतात. त्या रोटांसाठी घरातल्या माणसागणिक मूठ मोजून गहू घेतात, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे असतात. परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. लेक सासरी गेली तर तिलासुद्धा नाही, इतकं ते कडक. माय मुठी टाकत होती. आबांची, माझी, माझ्या धाकट्या भावाची. मग तिने एक मूठ जास्त टाकली. आबांनी ती बरोबर पाहिली.

"ही कोनी?" त्यांनी विचारलं.

"लिंबाभाऊनी."

"त्याले चालस का? देवीले चाली का?"

माय हात झटकत म्हणाली, "देवी इचारी तं मी सांगसू, हाऊ मना भाऊ शे." देवीने विचारलं तर सांगेन, हा माझा भाऊ आहे. आमच्या घरात आजपर्यंत जी माणसं राहून गेली, त्यांत सख्खे पुतणे होते, व्याही होते, पण रोटाला मायने अशी मूठ कोणाची वाढवली नव्हती. लिंबाभाऊंना या सगळ्याचा पत्ता नव्हता. ते माझ्या शेजारी पाटावर बसून रोट आणि खीर खात होते, आणि मला विचारत होते की तू का खात नाहीस.

पुढच्या सोमवारी ते सही करायला कचेरीत गेले नाहीत, कारण कचेरीच घरी आली. विलायतेत लढाई जाहीर झाली होती. साहेब दोन शिपाई घेऊन आले, ओट्याजवळ थांबले, हॅट काढून हातात धरली. सरकारी कागदात लिंबाभाऊ जर्मन होते. ज्या देशाने त्यांना आपलं म्हणायला नकार देऊन हाकललं, त्याच देशाचा माणूस म्हणून आता त्यांना पकडायचं होतं. साहेबांनाही यातला विनोद कळत असावा, कारण त्यांनी एकदाही लिंबाभाऊंच्या डोळ्याला डोळा दिला नाही. माडी तपासली गेली. ट्रंकेत काही नव्हतं, पण वर्तुळांची आणि बाणांची ती वही शिपायांनी उचलली. खाली 'दगडू', 'काशीनात' अशी नावं पाहून एका शिपायाने माझ्याकडे संशयाने बघितलं. आठवड्यापूर्वी माझ्या बाजूने धावत गेलेला लांबटांग्या तोच. मायने दशम्या आणि चटणी फडक्यात बांधून दिली. साहेबांना तिने पाणीही दिलं, कारण दारात आलेला माणूस होता. निघताना लिंबाभाऊ तिला म्हणाले, "अक्का, मी येस." येतो. आमच्याकडे जाणारा माणूस असंच म्हणतो, ते त्यांनी बरोबर शिकून घेतलं होतं.

त्यानंतर महिनाभर धुळ्यात असा माणूस भेटेना ज्याला लिंबाभाऊ पहिल्यापासून संशयास्पद वाटले नव्हते. दोरी बांधून तो म्हणे मैदान मोजत होता, विमान उतरवायला. शेठनी जाहीर केलं की आपण त्याला फक्त यंत्रांसाठी आणला होता, फुटबॉलचं खूळ त्याचं स्वतःचं. संघ मोडला. शेठना रावसाहेबकी मिळाली, पण ती फुटबॉलसाठी नव्हे, लढाईच्या फंडाला देणगी दिली म्हणून. म्हणजे मी पाय आखडला नसता तरी ती मिळालीच असती. आणि नवं इंजिन आलं तेव्हा त्याच्याबरोबर कंपनीचा मिस्त्रीही आला. आबा त्याच्या हाताखाली तेल घालू लागले. पुढे स्वातंत्र्य जवळ आलं तसं शेठनी दारावरच्या पाटीतलं 'रावसाहेब' काळ्या रंगाने पुसलं आणि डोक्यावर खादीची टोपी घातली. ती त्यांना शोभायची, खोटं कशाला बोलू.

लिंबाभाऊ बऱ्याच महिन्यांनी, सरकारने जर्मनांना डांबलेल्या छावणीतून सुटले, आणि अमळनेरला तेलाच्या एका कारखान्यात कामाला लागले. तिथल्या कामगारांचा संघही त्यांनी बांधला. माय वर्षातून एकदा गाडीत बसून त्यांना भेटून यायची, उन्हाळ्यात केलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड, पोचवायची. मी जायचं टाळायचो. परीक्षा आहे, नोकरी नवी आहे, असली कारणं असायची. मग लढाई संपली, आणि एक दिवस त्यांचा निरोप आला की ऑस्ट्रेलियात बहिणीचा पत्ता लागला आहे, दोन महिन्यांत बोट आहे. मायचे गुडघे तेव्हा धरले होते. तिने बिबड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं.

कारखान्यामागच्या मैदानावर पोरं खेळत होती. पावसाळ्याचे दिवस होते. लिंबाभाऊंचे केस आता पूर्ण गेले होते. त्यांनी गाठोडं घेतलं, मायची, आबांची विचारपूस केली, आणि आम्ही कडेला उभं राहून खेळ बघू लागलो. सात वर्षं जे गिळलं होतं ते मी तिथे ओकलो. सांगितलं की तो शेवटचा चेंडू मी सोडला होता. आबांसाठी सोडला. मुद्दाम.

ते माझ्याकडे बघेनात, खेळाकडेच बघत होते. मग म्हणाले, "तू नही सोडा. तो तुले सापडनारच नव्हता. तू जागावर नव्हता."

मी म्हटलं, "लिंबाभाऊ, मी पाय मागे घेतला. मला माहीत आहे."

"तुले काय माहीत शे?" असं म्हणत त्यांनी शिट्टी वाजवली, खेळ थांबवला आणि एका उंच पोराला बोलावलं. मला हाताला धरून चिखलात नेलं आणि एका जागी उभं केलं. माझ्या पायात नोकरीचे बूट होते, ते काढायला लावले. पोराला सांगितलं, तिकडून चेंडू घेऊन ये. मला सांगितलं, अडव.

मी जीव तोडून धावलो. चेंडू हातभर पुढून निघून गेला. दुसऱ्यांदा त्याहून लवकर निघालो, तरी तेवढाच पुढून गेला. तिसऱ्यांदा मी सगळं अंग टाकून दिलं आणि चिखलात आडवा झालो. कारखान्याची पोरं हसत होती. लिंबाभाऊंनी मला उठवलं, माझ्या सदऱ्यावरचा चिखल स्वतःच्या रुमालाने पुसला आणि म्हणाले, "दखं? पोचतच नही तू."

मी गाडीत बसून धुळ्याला परत आलो. सात वर्षं जपलेलं पाप असं तीन धावांत खोटं ठरल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं, आणि वाटलंही. आज ऐंशीच्या घरात बसून नातवाबरोबर टीव्हीवर फुटबॉल बघताना मात्र एक गोष्ट माझ्या मनात येते. त्या दिवशी मला उभं करताना लिंबाभाऊंनी धुळ्याच्या सामन्यातली माझी जागा धरली होती, की मला जाणून चार पावलं मागे उभं केलं होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. ते बोटीने गेले, आणि विचारायचं राहिलं असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला विचारायचं नव्हतं.